शेवटचं ताट

सिस्टर रोझलिनच्या हातात काडेपेटी दिसली की मला मागच्या परसातला खड्डा आठवायचा. घराच्या मागं, निंबाच्या झाडापलीकडं विटांनी बांधलेला चौकोनी खड्डा. घरात नवं माणूस आलं की त्याला आधी अंघोळ, मग केस, मग नखं, मग धुतलेले कपडे. अंगावर घालून आलेलं सगळं काठीनं उचलून खड्ड्यात जायचं आणि काडी सिस्टर स्वतः ओढायच्या. ते काम त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

"घरात जुनं काय बी येणार न्हाय," त्या म्हणायच्या. त्यालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी एका कांबळ्यातून खरूज आली आणि दोन महिने सगळं घर खाजवत बसलं होतं. सगळ्यांच्या अंगाला औषध चोळणारी मीच होते, त्यामुळं त्या खड्ड्याबद्दल बोलायला मला तोंड नव्हतं.

मी आरोग्यसेविका होते. उभी नोकरी जळकोटच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर गेली. निवृत्त होऊन तामलवाडीला मुलाकडं राहायला आले आणि महिन्याभरात सुनेला माझा आणि मला सुनेचा कंटाळा आला. कुणीतरी म्हणालं, हायवेला लागून कॅथलिक सिस्टरांचं एक घर आहे, तिथं जखमा बांधायला माणूस हवंय. मला अशा लोकांचा मुळातच संशय. फुकट कुणी काही करतं का, असा माझा स्वभाव. पहिल्याच दिवशी मी ठणकावून सांगितलं, "मी पट्ट्या बदलीन. प्रार्थनेला बसणार नाही."

सिस्टर रोझलिन माझ्या पायांकडं बघत होत्या. म्हणाल्या, "चपलंचा अंगठा तुटलाय तुमचा. बसा आधी. कुणाकडनं तरी शिवून आणते."

माणसाच्या पायांकडं आधी बघायची ही त्यांची सवय. त्या घरात येणारे लोक कुठून कुठून यायचे. कुणाला ट्रकवाल्यानं धाब्यावर उतरवून दिलेलं, कुणाला घरच्यांनीच देवदर्शनाला आणून गर्दीत सोडलेलं, कुणी डोकं फिरून वाट फुटेल तिकडं चालत निघालेलं. नाव-गाव विचारलं की त्यातले निम्मे गप्प बसत. सिस्टर म्हणायच्या, "तोंडाकडं मागनं बघू. किती चाललंय ते पायावर दिसतंय." मग खाली बसून तो पाय मांडीवर घ्यायच्या. भेगा, काटे, किडे, काही असलं तरी.

दिसायला बुटक्या आणि दणकट. फिकट करडी साडी, पायात पुरुषांच्या सँडल, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. घरात अजून दोन सिस्टर होत्या, केरळच्या, त्या इतक्या हळू बोलत की कान द्यावा लागे. ह्या मात्र जालन्याकडच्या खेड्यातल्या. वडील सालगडी होते. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारावी तसं त्यांचं साधं बोलणं. त्यांचा "बघू" हा शब्द मला ओळखायला वर्ष लागलं. त्या "बघू" म्हणाल्या की समजायचं, यांचं ठरलंय आणि आता ब्रह्मदेव आला तरी बदलणार नाही.

त्यांचे दोन नियम होते. एक, घरातल्या शेवटच्या माणसाच्या पोटात घास गेल्याशिवाय त्या जेवायला बसत नसत. कुणी रुसलेलं असायचं, कुणाला भ्रम झालेला, कुणी ताट भिंतीवर फेकलेलं. सिस्टर आपलं ताट उपडं ठेवून त्याच्यापाशी बसून राहायच्या. त्यांना शुगर होती. जेवणाच्या वेळेवरून आमची दर आठवड्याला भांडणं व्हायची. "शेवटचं ताट माझं," एवढंच उत्तर.

दुसरा नियम रात्रीच्या जेवणाआधीचा. सगळी पंगत बसली की त्या मधोमध उभ्या राहून त्या दिवशीची आपली चूक सांगायच्या. "आज सदाशिवकाकांवर उगीच वरडले. चूक माझी." पंगतीला त्यात काडीचा रस नसे. सदाशिवकाकाच म्हणायचे, "बरं बरं, वाढा आता." मला ते सुरुवातीला नाटक वाटायचं. इतक्या लहानसहान चुका रोज पुरवून पुरवून सांगता येतात, असं मी एकदा तोंडावर बोलले होते. त्या म्हणाल्या, "मोठी सापडली की ती बी सांगीन."

खड्ड्यावरून एकदा चांगलंच वाजलं होतं. एक धनगर म्हातारा आला, तापानं फणफणलेला. त्याला अंघोळ घालून सिस्टरनी त्याचं घोंगडं जाळलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं घोंगडं मागितलं. जाळलं म्हटल्यावर त्यानं सिस्टरना अशा शिव्या घातल्या की केरळच्या सिस्टरना मराठी येत नसल्याचं मला बरं वाटलं. ते घोंगडं त्याच्या बापाचं होतं. सिस्टरनी स्वतःची शाल त्याला पांघरली, रात्री पंगतीत चूकही सांगितली. म्हाताऱ्यानं शाल तेवढी ठेवून घेतली आणि बरा झाल्यावर सिस्टरशी एक शब्द न बोलता निघून गेला. मला वाटलं, आता तरी ही बाई काडी ओढण्याआधी थांबेल. पण पुढच्या आठवड्यात खड्डा पुन्हा पेटला.

मग ती म्हातारी आली.

बुधवारची दुपार होती. हायवेच्या पुलाखाली पडलेली, ओठ फुटलेले, डोक्यात जटा झालेल्या. पोलिसांनी आणून सोडली. मी पायांना मलम लावत होते, सिस्टर केस कापत होत्या. म्हातारी अर्धवट शुद्धीत. तिची लुगड्याची चिंधी, चोळी, गळ्यातला मळकट दोरा, सगळं कात्रीनं कापून काठीवर गेलं. थोड्या वेळानं मागून धूर आला. नेहमीचंच.

संध्याकाळी ती उठून बसली आणि जेवली नाही. दमली असेल, म्हटलं. गुरुवारी सकाळी अंघोळ झाल्यावर ती भिंतीशी ताठ बसली, डावा हात छातीसमोर धरून तळवा उघडला आणि त्या मोकळ्या तळव्याकडं बघत राहिली. बराच वेळ. मग मूठ मिटली. कामाच्या बाईला वाटलं, भाकरी मागतेय. तिनं त्या तळव्यावर चतकोर ठेवली. म्हातारीनं ती अशी झटकली, जशी अंगावर पाल पडावी. मग गळ्याभोवती, छातीवर, कमरेला हात फिरवून काहीतरी शोधत राहिली. एक शब्द बोलली नाही.

दूध नको, पेज नको, चहा नको. पाण्यानं ओठ तेवढे ओले करू द्यायची. मी तिचा घसा बघितला, पोट दाबून बघितलं, ताप मोजला. काही नव्हतं. शुक्रवारी दवाखान्यात नेलं, तिथं सलाईन लावलं. अर्धी बाटली गेली आणि तिनं सुई उपसून काढली. डॉक्टर म्हणाले, "अन्न जायला पाहिजे. दोन दिवसांपेक्षा जास्त ही काढणार नाही."

आणि नियमाप्रमाणं बुधवार संध्याकाळपासून सिस्टरचंही ताट उपडंच होतं.

"गोळी घेताय?" मी विचारलं.

"घेतीय."

"उपाशीपोटी? डोकं फिरलंय का तुमचं? एकीच्या जोडीला दुसरी उचलावी लागेल मला!"

मी साखरेचं पाणी केलं आणि हे जेवण नव्हे, औषध आहे, असं म्हणून समोर उभं राहून प्यायला लावलं. खरं सांगते, मला त्यांचा भयंकर राग आला होता. म्हातारीचं काही करता येत नव्हतं, पण हिचं करता येण्यासारखं होतं आणि ही करू देत नव्हती. त्या दोन दिवसांत मी घरीही गेले नाही.

शनिवारी सकाळी कलप्पा आले. जळकोटचे वाणी, किराणा दुकान त्यांचं, दर शनिवारी टेम्पोतून पीठ आणि तेल पोचवायचे. पोतं उतरवून ते पडवीत पाणी प्यायला थांबले आणि त्याच वेळी म्हातारीनं भिंतीशी बसून डावा तळवा उघडला. कलप्पांनी तांब्या खाली ठेवला. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या सदऱ्याच्या आत गेला.

"सिस्टर, हिच्या गळ्यात काय होतं?"

"दोरा होता. मळका. काहीतरी बांधलेलं होतं त्याला."

"काय बांधलेलं?"

सिस्टर म्हातारीच्या मोकळ्या गळ्याकडं बघत राहिल्या.

कलप्पांनी सदऱ्यातून पांढऱ्या कापडात बांधलेलं आपलं गळ्यातलं इष्टलिंग थोडं वर काढून दाखवलं. "असं होतं? आमच्यातली, लिंगायताची दिसतीया ही. लिंग हातावर घेऊन पूजा केल्याबिगर आमची जुनी माणसं पाणी बी तोंडात घेत न्हाईत. तुमी ते काढून कुठं ठिवलंय?"

सिस्टर रोझलिनचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून पिठाची चाळण घेतली आणि खड्ड्याकडं गेल्या. मी मागोमाग. खड्ड्यात उतरून त्या ओंजळीओंजळीनं राख चाळू लागल्या. दोनदा तोल जाऊन विटांना टेकल्या. मी वरून "बाहेर या, मी बघते" म्हणत होते, ते त्यांच्या कानापर्यंत पोचत नव्हतं. हुकं निघाली, एक बिल्ला निघाला, एक जळकी किल्ली निघाली. कुणाकुणाची, कोण जाणे. मग चाळणीत करवंदाएवढं काहीतरी वाजलं. वरचं काळं लिंपण जळून गेलेलं, आतला दगड मधोमध तडकलेला.

कलप्पांनी पायातल्या चपला काढल्या आणि ते रुमालात घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. "हे आता चालत न्हाय," ते म्हणाले. "स्वामींच्या हातनं नवं घ्यावं लागतंय. अणदूरच्या पुढं मठ हाय, तितं जाऊ." मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, "पर सिस्टर, जाळलं म्हणू नका. वाटंत कुठंतरी पडलं म्हणू. दिवस बरे न्हाईत. तुमच्या गळ्यात क्रूस, अन् तुमीच जाळलं म्हटल्यावर कोण काय अर्थ काढंल सांगता येत न्हाय. ह्या घराला कुलूप लागंल."

मीही तेच म्हणाले. लपवत नाही. म्हटलं, "पडलंच म्हणा. ह्या घरातल्या सगळ्या लोकांनी जायचं कुठं?"

सिस्टरनी राखेचे हात पदराला पुसले. "बघू," म्हणाल्या.

टेम्पोत आम्ही तिघं पुढं बसलो होतो. सबंध वाटेत मी मनातल्या मनात 'पडलं, वाटेत पडलं' असं घोकत होते, कारण त्या बोलायच्या आत आपणच बोलून टाकायचं, असं मी ठरवलं होतं.

मठाच्या अंगणात सात-आठ माणसं बसलेली. स्वामी म्हातारे, किडकिडीत, ओट्यावर चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होते. कलप्पांनी वाकून नमस्कार केला, रुमाल पुढं ठेवला आणि घसा खाकरला. मी तोंड उघडलं. पण सिस्टरचा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे.

"मी जाळलं," त्या म्हणाल्या. "पुलाखाली सापडलेली बाई हाय. तिच्या गळ्यातनं कापून मी जाळलं. तवापासनं ती जेवली न्हाय."

एक जण उठून उभा राहिला. दुसऱ्यानं खिशातून मोबाइल काढला.

स्वामींनी रुमाल उघडून बघितला. "जाणून जाळलं?"

"न्हाय. न बघता."

"न बघता." स्वामींनी चष्मा काढला. "तुमच्या गळ्यातलं ते कुणी असं न बघता जाळलं असतं तर?"

सिस्टरचा हात क्रूसावर गेला. "मला लई राग आला असता."

"मग आमाला बी येऊ द्या," स्वामी म्हणाले आणि उठून आत गेले.

दार लागलं. आम्ही अंगणात उभे. बसा असं कुणी म्हणालं नाही. उभा राहिलेला माणूस कलप्पांना म्हणाला, "मुद्दामच केलं असंल की. अन् तुमी यांना पीठ घालताय व्हय?" कलप्पा खाली मान घालून उभे. तो मोबाइल आमच्या तोंडासमोर धरलेला. ऊन डोक्यावर आलं होतं. सिस्टरच्या कपाळावर थंड घामाचे थेंब दिसले आणि मला कळलं, साखर उतरली. पिशवीत गूळ होता. खडा काढून मी पुढं केला, तर त्यांनी मान हलवली.

"इथं तरी हट्ट सोडा," मी दात-ओठ खात म्हणाले.

"ती जेवली की मग," त्या म्हणाल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. दार उघडलं तेव्हा स्वामी अंघोळ करून आले होते, कपाळभर भस्म, हातात लहानशी पिशवी. त्यांनी त्या मोबाइलवाल्याकडं बघितलं. "ते ठेव आत. बाईनं चूक सांगितली हाय. तू कदी कुणाला सांगितलीस का?" मग कलप्पांना म्हणाले, "टेम्पोत जागा हाय का? म्हातारी येऊ शकत न्हाय, तर मला जायला पाहिजे."

परतताना मी आणि सिस्टर मागं रिकाम्या पोत्यांवर बसलो. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं, घट्ट.

म्हातारी आडवी झाली होती, डोळे मिटलेले. स्वामी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि कानडीत काहीतरी म्हणाले. तिनं डोळे उघडले. त्यांनी तिच्या कपाळाला भस्म लावलं. मी तिला उठवून पाठीशी आधार दिला, त्यामुळं मला तिच्या बरगड्या मोजता आल्या असत्या. डावा हात वर यायला वेळ लागला. तळवा उघडला. स्वामींनी मंत्र म्हणत त्यावर नवं लिंग ठेवलं, तेव्हा ती म्हातारी हुंदके द्यायला लागली, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, मीही. सिस्टर उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या. आत आल्या नाहीत.

"हेसर येन?" स्वामींनी तिला नाव विचारलं.

"गंगव्वा," ती म्हणाली. चार दिवसांतला पहिला शब्द.

पूजा झाली. मग तिनं दूध घेतलं, मग दुधात कुस्करलेली भाकरी, मग अजून थोडी. मी बाहेर गेले आणि सिस्टरच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. या वेळी त्यांनी तोंड उघडलं.

त्या रात्री पंगतीत उभं राहून त्या म्हणाल्या, "मी गंगव्वांचा देव जाळला. चूक माझी." त्या दिवशी सदाशिवकाकासुद्धा 'वाढा' म्हणाले नाहीत.

तडकलेलं लिंग कलप्पा आणि सिस्टर दोघांनी जाऊन बोरी नदीत सोडलं. खड्डा राहिला, पण आता कपडे फरशीवर पसरून प्रत्येक गाठ सोडून बघितल्याशिवाय काडी ओढली जात नसे. कलप्पांनी दुकानातले बिस्किटांचे रिकामे डबे आणून दिले. एका फळीवर ते ओळीनं लागले, प्रत्येकावर नाव. ताईत, किल्ली, कुणाचा फाटका फोटो, कुणाचं मणी-मंगळसूत्र. राखेतून निघालेली ती जळकी किल्ली आणि बिल्लाही एका डब्यात होता. त्या डब्यावर नाव नव्हतं. सिस्टर तो डबा रोज पुसायच्या.

गंगव्वा तिथंच राहिली. तिच्या माणसांचा पत्ता लागला नाही, की तिनं सांगितला नाही. रोज सकाळी भिंतीशी तिची पूजा चालायची, आणि ती संपेपर्यंत सिस्टर वाढप्यांना दारातच थोपवून धरायच्या. "थांबा. त्यांचं व्हायचंय." सगळी पंगत कुरकुरायची.

गेल्या वर्षी सिस्टरची बदली झाली. संस्थेत तसंच असतं, वरून पत्र येतं आणि एक बॅग घेऊन निघायचं. कुठं, ते सांगून मला फारसं कळलं नाही. गुजरातच्या बाजूला कुठंतरी. सकाळची बस होती, कलप्पांचा टेम्पो दारात हॉर्न देत उभा. नाश्ता वाढून झालेला, सिस्टरचं ताट उपडं, आणि गंगव्वाची पूजा संपता संपत नव्हती.

"सिस्टर, बस जाईल," मी म्हणाले. "आज तरी दोन घास खाऊन निघा. पुढं दिवसभर प्रवास आहे."

"त्यांचं व्हायचंय," त्या म्हणाल्या आणि बॅग मांडीवर घेऊन बसल्या.

शेवटी गंगव्वानं लिंग कपाळाला लावलं, कापडात बांधलं, गळ्यात सोडलं. ताट पुढं ओढलं. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि तोंडाजवळ नेलेला हात थांबला. मग ती भिंतीला धरून उठली, चालत सिस्टरसमोर आली आणि तो घास तिनं सिस्टरच्या ओठांपाशी धरला.

"मदल नी उण्ण, तंगी," ती म्हणाली.

दारातून कलप्पांनी सांगितलं, "आधी तू जेव म्हणतीया. धाकटी भैन म्हणून बोलतीया तुमाला."

सिस्टर "न्हाय, तुमी आधी" म्हणायला गेल्या. गंगव्वानं हात मागं घेतला नाही. सगळं घर बघत होतं. कलप्पांनी अजून एकदा हॉर्न दिला असता, पण तेही दारातच उभे होते.

सिस्टर रोझलिननी तोंड उघडलं.

घास मोठा होता. तो चावत चावतच त्या टेम्पोत चढल्या. मी खिडकीशी गेले, गोळ्या वेळेवर घ्या, पोचल्यावर फोन करा, असलं काहीबाही बोलले. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काहीतरी सांगायचं होतं त्यांना, पण तोंडात घास होता, आणि टेम्पो निघाला.